ध्रुवीय समुद्रातील प्लवकांचे स्वास्थ्य : ज्ञान, अनुमान आणि कर्तव्य

वनस्पतिप्लवक म्हणजे समुद्राच्या उजेड पोहोचणाऱ्या थरात तरंगत राहणारे, बहुतांशी एकपेशीय आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सर्व जीवांच्या एकूण वस्तुमानात त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का भरतो. पण पृथ्वीवर वर्षभरात जेवढे प्रकाशसंश्लेषण होते त्यातले सुमारे निम्मे त्यांच्याकडून होते. ध्रुवीय समुद्रांत तर क्रिल, मासे, पेंग्विन, सील आणि देवमासे अशी सगळी उतरंड त्यांच्यावर उभी आहे. हे जीव बर्फाखाली, अंधारात, वादळी आणि गोठणबिंदूजवळच्या पाण्यात राहत असल्याने माणसाला त्यांच्यापर्यंत सहज पोहोचता येत नाही. गेल्या दोन दशकांत हे काम पाण्याखालच्या रोबॉटांकडे आले आहे. रोबॉटाने पाठवलेल्या आकड्यांवरून शास्त्रज्ञ सांगतात की अमुक ठिकाणचे प्लवक निरोगी आहेत आणि तमुक ठिकाणचे ताणाखाली आहेत. या साध्या वाटणाऱ्या विधानातून तत्त्वज्ञानाचे तीन प्रश्न निघतात. न पाहिलेल्या जीवाचे स्वास्थ्य कळते म्हणजे नेमके काय कळते? ते स्वास्थ्य कोणाचे? आणि ते कळल्यावर कळणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते?

निरीक्षणाची अडचण

ध्रुवीय प्लवकांचा अभ्यास नवा नाही. जेम्स रॉस यांच्या १८३९ ते १८४३ या काळातील अंटार्क्टिक मोहिमेत तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी बर्फावरचा तपकिरी थर आणि समुद्राचे पाणी तपासले. त्यात डायाटम, म्हणजे मराठीत ज्यांना करंडक वनस्पती म्हणतात ते सिलिकाच्या कवचातले जीव, विपुल सापडले. जिथे जमिनीवर गवताचे पातेही उगवत नाही तिथल्या समुद्रातील प्राण्यांचे पोषण याच सूक्ष्म वनस्पतींवर होत असले पाहिजे, हे हूकर यांच्या ध्यानात आले.

त्यानंतरचे दीड शतक अभ्यास जहाजांवर अवलंबून राहिला. ध्रुवीय हंगाम आखूड असतो आणि जहाज एका वेळी एकाच ठिकाणचे पाणी काढू शकते. १९९७ पासून उपग्रहांनी समुद्राचा रंग नियमितपणे टिपायला सुरुवात केली. त्यामुळे पट मोठा झाला, पण ध्रुवांकडे ढग, हिवाळ्यातील अंधार आणि बर्फ आडवे येतात आणि उपग्रहाला पाण्याचा वरचा पातळ थरच दिसतो. या मर्यादेची किंमत जुलै २०११ मध्ये लक्षात आली. आर्क्टिकमधील चुकची समुद्रात अमेरिकी शास्त्रज्ञांच्या चमूला सुमारे मीटरभर जाडीच्या बर्फाखाली, बर्फाच्या कडेपासून शंभर किलोमीटरहून अधिक आतपर्यंत, प्लवकांचा प्रचंड बहर आढळला. अशा जागी उजेड अपुरा असतो, म्हणून बहर येत नाही, अशी तोवरची समजूत होती.

ही उणीव भरून काढणारे रोबॉट मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिला फ्लोट. तो एक हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहतो, साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत खाली जाऊन मोजमापे घेत पृष्ठभागावर येतो आणि उपग्रहामार्फत ती पाठवतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या सोकॉम प्रकल्पाने दक्षिण महासागरात असे फ्लोट सोडले. प्राणवायू, नायट्रेट, आम्लता आणि हरितद्रव्य यांची मोजमापे ते घेतात. वर येताना पाणी गोठणबिंदूजवळ आल्याचे जाणवले तर डोक्यावर बर्फ असणार असे धरून फ्लोट पुन्हा खाली जातो. नोंदी साठवून ठेवतो आणि मोकळे पाणी मिळाल्यावर एकदम पाठवतो.

दुसरा प्रकार ग्लायडर. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९८९ मध्ये एका कल्पित लेखात २०२१ साल रंगवले. त्यात जगभरच्या समुद्रांत असे स्वयंचलित ग्लायडर फिरत असतात. अभियंता डग्लस वेब यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकम यांचे नाव त्या यंत्राला मिळाले.

एका बुडीची हकिगत

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला अँव्हर्स बेटावर अमेरिकेचे पामर केंद्र आहे. तिथे १९९० पासून परिसंस्थेचा दीर्घकालीन अभ्यास चालू आहे आणि २००७ पासून रटगर्स विद्यापीठाचे ग्लायडर त्यात वापरले जातात. दीड-दोन मीटर लांबीचे, पन्नासेक किलो वजनाचे हे पिवळे नळकांडे दोन-तीन माणसे रबरी होडीतून नेऊन पाण्यात सोडतात. त्याला फिरता पंखा लागत नाही. नाकाशी असलेला पंप थोडे समुद्राचे पाणी आत ओढतो, तेवढ्याने ग्लायडर पाण्यापेक्षा किंचित जड होतो. आतली बॅटरी पुढे सरकते, नाक खाली झुकते आणि ग्लायडर बुडू लागतो. बुडताना आखूड पंखांमुळे तो तिरका पुढे सरकतो. ठरलेल्या खोलीवर पंप पाणी बाहेर टाकतो, नाक वर होते आणि तशीच तिरकी चढण सुरू होते. वेग सेकंदाला पाव ते एक तृतीयांश मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्यापेक्षा बराच कमी. पण एवढ्या कमी विजेवर तो कित्येक आठवडे दिवसरात्र असाच वरखाली करत राहतो. वर आल्यावर शेपटीतली हवेची पिशवी फुगते, अँटेना पाण्याबाहेर निघते आणि नोंदी उपग्रहाकडे जातात.

प्लवकांचे स्वास्थ्य मोजणारा संवेदक असलेल्या ग्लायडरची पद्धत २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पामरजवळच्या खोल सागरी दरीवर तिचा वापर झाला होता. संवेदक पाण्यात निळ्या प्रकाशाचा अतिशय छोटा, सेकंदाच्या सुमारे दहा-हजाराव्या भागाइतका झोत सोडतो. पेशीतील हरितद्रव्य तो प्रकाश शोषते. शोषलेल्या ऊर्जेला तीन वाटा असतात: ती प्रकाशसंश्लेषणाच्या कामी लागते, उष्णता होऊन जाते किंवा लाल प्रकाश होऊन परत बाहेर पडते. या परत येणाऱ्या लाल प्रकाशाला प्रतिदीप्ती म्हणतात. झोताच्या आरंभी पेशीतील ऊर्जा पकडणारी केंद्रे मोकळी असतात, त्यामुळे प्रतिदीप्ती कमी असते. झोत चालू असतानाच सगळी केंद्रे भरून जातात आणि प्रतिदीप्ती शिगेला पोहोचते. या दोन पातळ्यांतला फरक शिगेच्या पातळीच्या किती हिस्सा आहे, हे गुणोत्तर पेशीची प्रकाशसंश्लेषणाची क्षमता सांगते. उत्तम स्थितीतल्या प्लवकांत ते ०.६५ च्या आसपास असते. लोहासारख्या पोषकद्रव्याची टंचाई असली किंवा प्रखर उन्हाने केंद्रांना इजा झाली की ते उतरते. ‘प्लवकांचे स्वास्थ्य’ म्हणून पडद्यावर जे उमटते ते शेवटी या एका गुणोत्तराचे चढउतार असतात.

स्वास्थ्य दिसते की अनुमानाने कळते?

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंद्रियाचा वस्तूशी संबंध येऊन होणारे ज्ञान ते प्रत्यक्ष. खुणेवरून खुणेच्या मागच्या गोष्टीपर्यंत जाणे ते अनुमान, आणि त्याचा सारा भार व्याप्तीवर, म्हणजे खूण आणि ती गोष्ट यांच्या अटळ साहचर्यावर असतो. या कसोटीने पाहिले तर ग्लायडरचे काम अनुमानाचे आहे. लाल प्रकाश ही खूण. तिच्यावरून हरितद्रव्य, हरितद्रव्यावरून पेशींची संख्या किंवा क्षमता आणि क्षमतेवरून स्वास्थ्य, अशी ही अनुमानांची साखळी आहे. साखळीची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे तपासावी लागते.

पहिल्याच कडीत धोका आहे. भर दुपारी पृष्ठभागाजवळची प्रतिदीप्ती घटते. पेशी तेवढ्याच असतात आणि हरितद्रव्यही तेवढेच असते. पण अतिरिक्त ऊर्जेपासून स्वतःला वाचवण्यासाठी पेशी ती उष्णतेच्या वाटेने बाहेर टाकत असतात. नोंद करणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो दुपारी प्लवक कमी झाले असा निष्कर्ष काढील. नैयायिकांनी अशा प्रसंगासाठी उपाधीची कल्पना मांडली. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे विधान सरसकट खरे नाही, ते ओल्या इंधनाच्या अटीवर खरे आहे. ओले इंधन ही तिथली उपाधी. त्याचप्रमाणे ‘जिथे हरितद्रव्य जास्त तिथे प्रतिदीप्ती जास्त’ हे विधान उजेडाच्या ठरावीक मर्यादेत खरे असते. म्हणून दिवसाच्या नोंदी रात्रीच्या नोंदींशी ताडून सुधारल्या जातात.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. लोहाची टंचाई असलेल्या पेशी हरितद्रव्याच्या मानाने अधिक चमकतात, कारण पकडलेली ऊर्जा कामी लावण्याची त्यांची यंत्रणा अपुरी पडते. दक्षिण महासागराच्या मोठ्या भागात ही टंचाई कायमची आहे. अशा ठिकाणी जास्त चमक ही भरभराटीची खूण मानली तर हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार असलेली खूण, नेमकी उलट गोष्ट सिद्ध करतो. न्यायशास्त्रात अशा हेतूला विरुद्ध हेत्वाभास म्हणतात. नुसती चमक मोजण्याऐवजी दोन पातळ्यांचे गुणोत्तर मोजणारा संवेदक बनवावा लागला, त्यामागे हेही एक कारण आहे.

तिसरा धोका उपकरणाच्या मापनप्रमाणाचा. फ्लोटांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या हरितद्रव्य-संवेदकांच्या जागतिक तपासणीत २०१७ मध्ये असे आढळले की त्यांचे कारखान्यातले प्रमाण धरले तर हरितद्रव्य सरासरी सुमारे दुप्पट दिसते आणि दक्षिण महासागरात ही चूक त्याहूनही मोठी असते. जहाजावर प्रत्यक्ष काढलेल्या पाण्याशी ताळा घेतल्यावरच हे कळले.

व्याप्ती कधीच निश्चित होत नाही, म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे, अशी चार्वाकांची भूमिका होती. ध्रुवीय समुद्रात ती मान्य केली तर बर्फाखालच्या जीवनाबद्दल मौन बाळगण्याखेरीज मार्ग उरत नाही. नैयायिकांचे उत्तर अधिक उपयोगाचे आहे: उपाधी शोधत राहा, व्यभिचार, म्हणजे साहचर्य मोडणारे उदाहरण, दिसला की व्याप्ती आखडून घ्या आणि तेवढ्या मर्यादेत निःशंकपणे बोला. समुद्रशास्त्राचा रोजचा व्यवहार या उत्तराशी जुळणारा आहे.

ज्ञाता कोण?

रोबॉट प्लवकांचे निरीक्षण करतो, असे सहज म्हटले जाते. तात्त्विक दृष्टीने हे विधान सैल आहे. न्यायमतानुसार ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे आणि इंद्रिये ही त्याची करणे, म्हणजे साधने आहेत. संवेदकात उमटलेला विद्युत संकेत ज्ञान होत नाही. तो समजून घेणारा कोणी असेल तेव्हा तो ज्ञानाचे कारण होतो. आत्म्याची कल्पना न मानणाऱ्यांनाही एवढे मान्य करता येईल की ‘हे गुणोत्तर उतरले, ही चिंतेची बाब आहे’ यातली चिंता यंत्रात नाही.

रोबॉटाला साक्षीदार मानून त्याच्या नोंदी शब्दप्रमाणात घालता येतील का, हाही प्रश्न विचारता येतो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आप्ताची, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा सांगणाऱ्याची, व्याख्या करताना दोन गोष्टी मागितल्या: वस्तूचे साक्षात ज्ञान आणि ते जसे आहे तसे सांगण्याची इच्छा. यंत्राजवळ दोन्ही नाहीत. ते खोटे बोलत नाही, पण खरे सांगण्याची तळमळही त्याला नसते. म्हणून त्याच्या आकड्यांवर ठेवलेला विश्वास वास्तविक माणसांवरचा विश्वास असतो: संवेदकाचे प्रमाण ठरवणाऱ्यांवर, चुका जाहीर करणाऱ्यांवर, नोंदी सर्वांना खुल्या ठेवणाऱ्यांवर. आर्गो या जागतिक फ्लोट-जाळ्याच्या नोंदी साधारण एका दिवसात जगापुढे येतात. भारतात हैदराबादची इन्कॉइस ही संस्था या जाळ्यात सहभागी आहे. शंभर देशांतील अभ्यासकांना तपासता येणारी नोंद आप्तवाक्याच्या कसोटीला एखाद्या बंद दप्तरापेक्षा अधिक उतरते. यंत्र पुढे गेले तरी प्रामाणिकपणाची जबाबदारी माणसाकडेच राहते.

कोणाचे स्वास्थ्य?

साखळीतली शेवटची कडी क्षमतेवरून स्वास्थ्याकडे जाते आणि तीच सर्वांत अवघड आहे. सुश्रुताने निरोगी माणसाचे वर्णन करताना दोष, अग्नी, धातू आणि मल यांच्या समतोलाबरोबर आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नता मागितली. त्यातला पहिला भाग प्लवकांना लावता येतो, दुसरा लावता येत नाही. ‘कसे वाटते’ असे विचारण्याची सोय जिथे नाही तिथे स्वास्थ्य बाहेरून ठरवावे लागते आणि बाहेरून ठरवणारा कोणत्या पातळीवर पाहतो त्यावर उत्तर बदलते.

पश्चिम अंटार्क्टिक द्वीपकल्पाचे उदाहरण हे स्पष्ट करते. तिथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने उबदारपणा वाढला आणि समुद्री बर्फाचा हंगाम आखडला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-अभ्यासानुसार तीस वर्षांत तिथल्या उन्हाळी हरितद्रव्यात सुमारे १२ टक्के घट झाली होती; उत्तर भागात ते घटले आणि दक्षिण भागात वाढले. हिमनद्यांचे वितळलेले गोडे पाणी जिथे पसरते तिथे मोठ्या डायाटमांची जागा क्रिप्टोफाइट नावाचे सुमारे आठ मायक्रॉनचे छोटे जीव घेतात. हे जीव स्वतः उत्तम स्थितीत असू शकतात. संवेदकाला त्यांचे गुणोत्तर चांगले दिसेल. पण वीस मायक्रॉनपेक्षा लहान कण क्रिलला नीट गाळून घेता येत नाहीत, त्यामुळे पेशी निरोगी असूनही क्रिलचे ताट रिकामे राहू शकते. पामर परिसरात १९७० च्या दशकात ॲडेली पेंग्विनांच्या सुमारे १५,००० जोड्या होत्या. त्यांत ८० टक्क्यांहून अधिक घट झाली आहे. त्यामागे बर्फ, हिमवृष्टी आणि अन्न अशी अनेक कारणे गुंतलेली आहेत. पेशीच्या पातळीवरचे स्वास्थ्य परिसंस्थेच्या स्वास्थ्याची हमी देत नाही, एवढे यातून निश्चित होते.

उलट दिशेनेही तेच. एका पेशीचे आयुष्य दिवसांत मोजावे लागते आणि बहुतेक पेशींचा शेवट दुसऱ्या कोणाच्या पोटात होतो. बहर ओसरणे हे आजारपण नसते. खाल्ले जाणे हाच त्या व्यवस्थेचा क्रम आहे. ‘अधिक म्हणजे निरोगी’ हेही खरे नाही. उपग्रह-नोंदींवरून आर्क्टिक महासागरातील प्लवकांची वार्षिक निर्मिती १९९८ ते २०१८ या काळात ५७ टक्क्यांनी वाढली. त्यामागे आरंभी बर्फ हटून मोकळे झालेले पाणी होते आणि पुढे प्लवकांची वाढलेली घनता. निर्मितीचा आकडा वाढला. पण बर्फाच्या बुडाशी वाढणाऱ्या शैवालांवर जगणाऱ्या जीवांचे घर त्याच वेळी आकसत होते.

फ्रेंच तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ च्या आपल्या प्रबंधात स्वास्थ्याचा विचार सरासरीपासून सोडवला. त्यांच्या मते निरोगी जीव म्हणजे परिस्थिती बदलली तरी स्वतःचा नवा मेळ बसवू शकणारा जीव. ही व्याख्या प्लवकांना चांगली लागू पडते. दुपारी उतरलेले गुणोत्तर रात्रीतून पुन्हा चढले तर पेशीत सावरण्याचे बळ आहे. चढले नाही तर खरी चिंता. बॅफिन उपसागरात बर्फाखाली राहिलेल्या फ्लोटांनी दाखवले की फेब्रुवारीत, अत्यंत क्षीण उजेड येऊ लागताच, प्लवकांची वाढ सुरू होते. याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. हिवाळाभराच्या अंधारातून पेशींनी सज्जता जपली होती. अशा सावरण्याला काळ लागतो आणि ते पाहायला काळभर हजर राहावे लागते. एका दिवशी काढलेल्या बाटलीभर पाण्यातून ते दिसत नाही. स्वास्थ्याच्या ज्ञानात रोबॉटाने घातलेली मोठी भर ही आहे: तो एका क्षणाच्या स्थितीऐवजी तिचा क्रम दाखवतो.

ज्याला वेदना नाही त्याचे हित

प्लवकांना मज्जासंस्था नाही. त्यांना दुःख होते असे मानायला आधार नाही. पीटर सिंगर यांच्या १९७५ च्या ‘ॲनिमल लिबरेशन’ या ग्रंथाच्या भूमिकेनुसार सुखदुःखाची क्षमता ही हितसंबंध असण्याची पूर्वअट आहे. तसे असेल तर प्लवकांचे स्वतःचे हित उरत नाही. त्यांचे स्वास्थ्य हे देवमाशांचे, पेंग्विनांचे आणि माणसांचे हित मोजण्याचे एक साधन ठरते.

जैन परंपरेचे उत्तर वेगळे आहे. आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती यांच्या आश्रयाने असलेल्या जीवांचा विचार येतो. वनस्पती एकेंद्रिय आहेत, त्यांना स्पर्शाचे एकच इंद्रिय आहे; तरी त्या जीव आहेत आणि त्यांची हिंसा ही हिंसाच आहे. एकाच देहात अगणित जीव राहतात अशी निगोदाची कल्पनाही या परंपरेत आहे. ही मांडणी सूक्ष्मदर्शकातून आलेली नाही आणि तिला आधुनिक जीवशास्त्राचे पूर्वरूप म्हणणे दोन्हींवर अन्याय करणारे ठरेल. तिचे मोल नीतीच्या क्षेत्रात आहे: डोळ्यांना न दिसणे आणि इंद्रिये कमी असणे ही कारणे एखाद्या जीवाला हिशेबातून वगळायला पुरेशी नाहीत.

आधुनिक पाश्चात्त्य विचारातही याच्या जवळ येणारी मते आहेत. आल्बर्ट श्वाइट्झर यांनी जीवनमात्राबद्दलच्या आदराला नीतीचा पाया मानले. पॉल टेलर यांनी १९८६ मध्ये असे मांडले की प्रत्येक सजीव हा स्वतःच्या भल्याकडे वाटचाल करणारे एक केंद्र असतो. त्याला जाणीव असो वा नसो, त्याच्यासाठी काही गोष्टी चांगल्या आणि काही वाईट असतात. प्रतिदीप्तीचे गुणोत्तर या मताला नकळत दुजोरा देते. ‘पेशीची क्षमता ढासळली’ असे म्हणताना पेशीचे काही नीट किंवा बिघडलेले असू शकते, हे आधीच गृहीत धरलेले असते. दगडाबद्दल असे बोलता येत नाही.

मात्र प्रतिसाद आणि वेदना यांत अंतर राखले पाहिजे. जगदीशचंद्र बोस यांनी १९०२ च्या ग्रंथात वनस्पतींचे आणि धातूंचेही विद्युत प्रतिसाद नोंदवले होते. प्रतिसाद आहे म्हणून अनुभव आहे, असे त्यावरून ठरत नाही. प्लवकांच्या बाबतीत सावध भूमिका अशी राहील: त्यांना दुःख नसेल, पण त्यांचे भले-वाईट आहे, आणि ते भले-वाईट एकेका पेशीपेक्षा पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या समुदायात आणि त्याच्या समुद्राशी असलेल्या नात्यात शोधावे लागते. ऑल्डो लिओपोल्ड यांनी १९४९ मध्ये भूमीच्या स्वास्थ्याबद्दल जे मांडले, स्वतःला नव्याने घडवत राहण्याची भूमीची क्षमता, ते समुद्रालाही लागू होते.

ज्ञान आणि हस्तक्षेपाचा अधिकार

रोग कळला की उपचाराचा मोह होतो. जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० मध्ये मांडलेल्या गृहीतकानुसार दक्षिण महासागरात लोह मिळाले तर प्लवक वाढतील आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड खेचून घेतील. १९९९ च्या सोइरी प्रयोगात आणि नंतरच्या इतर प्रयोगांत लोह टाकताच पेशींचे गुणोत्तर चढल्याचे दिसले. पेशींपुरता उपचार लागू पडला होता.

या प्रश्नाची नैतिक बाजू ज्या प्रयोगात पुढे आली त्याचा गोव्याशी थेट संबंध आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून २००९ च्या आरंभी दक्षिण अटलांटिकमध्ये ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. २००८ मध्ये बॉन येथे जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी समुद्राला खत घालण्याच्या उपक्रमांबाबत संयम राखण्याचा ठराव केला होता. त्यामुळे पर्यावरणवादी संघटनांनी आक्षेप घेतले, जर्मन सरकारने काम थांबवले आणि फेरतपासणीनंतर परवानगी दिली. सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह मिसळले गेले. प्लवक वाढले खरे. पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने डायाटम बहरले नाहीत, जे छोटे प्लवक वाढले ते कोपेपॉड नावाच्या प्राण्यांनी फस्त केले आणि खोल समुद्रात फारच थोडा कार्बन गेला. एका पोषकद्रव्याच्या भरपाईने समुद्राचा सारा क्रम हवा तसा वळत नाही, हा त्या प्रयोगाचा मोलाचा निष्कर्ष होता. २०१३ मध्ये लंडन प्रोटोकॉलला जोडलेल्या दुरुस्तीत अशा कृतींना खरेखुरे संशोधन वगळता मज्जाव करण्याची तरतूद झाली.

समुद्राचे स्वास्थ्य मोजणारे रोबॉट उद्या अशा हस्तक्षेपांचे हिशेबनीस म्हणूनही वापरले जातील. तेव्हा पेशीचे स्वास्थ्य आणि परिसंस्थेचे स्वास्थ्य यांत वर केलेला भेद निर्णायक ठरेल. पेशीचे गुणोत्तर सुधारले एवढ्यावरून समुद्र सुधारला असे म्हणणे अनुमानाच्या नियमात बसत नाही. आणि जे अनुमानात बसत नाही त्याच्या जोरावर साऱ्या जगाच्या सामाईक समुद्रात हात घालण्याचा अधिकारही मिळत नाही. दक्षिण महासागर हा मानवनिर्मित कार्बनपैकी महासागरांनी शोषलेल्या वाट्याचा सुमारे ४० टक्के भाग घेतो. तिथली चूक कोणा एका देशाची राहत नाही.

जबाबदारीचा दुसरा भाग खुद्द यंत्राविषयी आहे. जैन आचारात साधूसाठी आदान-निक्षेपण समिती सांगितली आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना जीवांना इजा होणार नाही इतकी दक्षता. गृहस्थासाठी विनाकारण हिंसेपासून दूर राहण्याचे व्रत आहे. संशोधनाच्या उपकरणांना हा नियम तंतोतंत लावून पाहता येतो. ग्लायडर परत घेतला जातो. फ्लोट मात्र बॅटरी संपल्यावर बहुधा समुद्रातच राहतो. जहाजाच्या एका फेरीत जळणाऱ्या इंधनाच्या तुलनेत हा भार लहान आहे, पण लहान भारही उघडपणे हिशेबात धरायला हवा. अंटार्क्टिक करारातील १९९१ चा माद्रिद प्रोटोकॉल प्रत्येक उपक्रमाच्या परिणामाचा पूर्वविचार बंधनकारक करतो आणि भारतानेही २०२२ मध्ये अंटार्क्टिकसाठी स्वतंत्र कायदा केला. आर्क्टिकमध्ये कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात भारताने २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ ही नांगरलेली वेधशाळा उतरवली. वास्को येथील ध्रुवीय संशोधन केंद्र त्या कामाचा भाग आहे. दूरच्या समुद्रात उपकरण ठेवणारा देश त्या समुद्राच्या बऱ्या-वाईटाचा भागीदार होतो.

निष्कर्ष

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की ध्रुवीय प्लवकांचे स्वास्थ्य अनुमानाने कळते आणि त्याच्या उपाधी जितक्या कसून शोधल्या जातील तितके ते ज्ञान पक्के होते. दुसऱ्याचे उत्तर असे की पेशी, समुदाय आणि परिसंस्था या तीन पातळ्यांवर स्वास्थ्य वेगवेगळे असते आणि सावरण्याची क्षमता ही तिन्ही पातळ्यांना जोडणारी कसोटी आहे. तिसऱ्याचे उत्तर असे की कळण्याने पहिले कर्तव्य येते ते हानी थांबवण्याचे. समुद्र तापवणारी आणि बर्फ वितळवणारी कारणे जमिनीवर, माणसांच्या व्यवहारात आहेत आणि ती कमी करणे माणसाच्या हातात आहे. समुद्रात उतरून दुरुस्ती करण्याचा हक्क त्यानंतर, आणि ज्ञान जेवढे पक्के तेवढ्याच मर्यादेत येतो. रोबॉट माणसाची नजर बर्फाखाली नेतो. जे दिसले त्याला उत्तरदायी राहण्याचे काम तो करू शकत नाही, ते माणसालाच करावे लागते.